नंबर कोणत्या नावानं सेव्ह आहे?

मध्यंतरी फोन बदलला. जुन्यातले नंबर नव्यात नीट आलेत का, हे एका रविवारी बघत बसले होते, तर लक्षात आलं की माझ्या फोनमध्ये माणसांपेक्षा कामंच जास्त राहतात. ‘पोळीभाजी काकू’, ‘टेलर मास्टर बेव्हर्ली’, ‘शेगडी दुरुस्ती’, ‘इस्त्री सी विंग’, ‘केकवाली तिसरा मजला’, ‘फुलपुडी’. यातल्या निम्म्या लोकांची खरी नावं मला ठाऊक नाहीत. त्यांच्यापैकी कुणाचं इन्स्टाग्रामवर पान आहे की नाही, हेही मी कधी बघितलेलं नाही. आणि तरी गेल्या काही वर्षांत माझ्या घरातून जो पैसा बाहेर गेला, त्यातला बराचसा याच नावांकडे गेला आहे.

त्याच आठवड्यात पोळीभाजीवाल्या काकूंनी मला थांबवलं. कुणी एक तरुण त्यांच्याकडे येऊन गेला होता. दरमहा ठरावीक रक्कम द्या, तुमचं पान आम्ही चालवतो, रील करतो, सहा महिन्यांत दहा हजार फॉलोअर आणून देतो, असं सांगून गेला होता. रक्कम ऐकली तर काकूंच्या गाळ्याच्या भाड्याच्या जवळपास निम्मी. काकूंचा प्रश्न साधा होता. “ताई, फॉलोअर म्हणजे गिऱ्हाईकच ना हो?”

मी ‘नाही’ म्हणाले आणि मटकीची उसळ घेऊन वर आले. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागण्यासारखं नव्हतं. ‘मग मी काय करू?’ हे काकूंनी विचारलं नाही, तरी ते त्यांच्या चेहऱ्यावर होतंच.

आम्ही राहतो ते बेव्हर्ली पार्क. हे नाव ऐकून कुणाला हॉलिवूड आठवलं तर दोष त्याचा नाही. प्रत्यक्षात हा मीरा रोड पूर्वेचा, कनाकियाच्या अंगाचा इमारतींचा पुंजका. खाली गाळे, वर बिऱ्हाडं. गाळ्यांत पार्लर, क्लासेस, मोबाइल दुरुस्ती, फरसाण, औषधं, झेरॉक्स. वरच्या बिऱ्हाडांतही कुठे शिवणयंत्र, कुठे केकचा ओव्हन, कुठे दहावीच्या गणिताची शिकवणी. मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली १९८५ साली, महापालिका २००२ साली. १९९१च्या जनगणनेत या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं होती, २००१ मध्ये पाच लाख वीस हजार, २०११ मध्ये आठ लाखांवर. वीस वर्षांत साडेचार पट. राई-मुर्ध्याकडचे, उत्तनकडचे मूळ गावकरी सोडले तर इथला प्रत्येक जण कुठून तरी आलेला: कोकणातून, परळ-लालबागच्या चाळीतून, राजस्थानातून, गुजरातेतून, उत्तर प्रदेशातून. ‘आमचे आजोबासुद्धा याच वाण्याकडून सामान भरायचे’ हे वाक्य बेव्हर्ली पार्कात कुणालाच म्हणता येत नाही.

त्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार. दर उन्हाळ्यात, शाळा संपली की, इमारतींखाली सामानाचे टेम्पो लागतात. गॅस सिलिंडर, गाद्या, तुळशीची कुंडी, पिंजऱ्यातला पोपट. गिऱ्हाईक असं जातं, आणि दुकानदारही तितकाच हलता. गाळ्याचं भाडं वाढलं की तो दोन गल्ल्या पलीकडे. जुन्या बाजारपेठेत दुकान हलत नसे आणि गिऱ्हाईकही हलत नसे, म्हणून नातं लोणच्यासारखं जागच्या जागी मुरायचं. इथे बरणीच टेम्पोत चढलेली असते.

हलत नाही तो फक्त दहा आकडी नंबर. तोच नंबर ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय २०११ साली देशभर झाली, आणि तेव्हापासून लोक घर बदलतात, नोकरी बदलतात, बँक बदलतात, नंबर मात्र बदलत नाहीत. विरारला राहायला गेलेली माझी शेजारीण अजून ब्लाउज इथल्याच मास्टरजींकडे टाकते. कापडाचा फोटो पाठवते, ‘मागच्यासारखंच, गळा अर्धा इंच वर’ असा निरोप बोलून धाडते, आणि पिशवी नवरा मीरा रोडला उतरून देऊन जातो. मास्टरजींनी यासाठी काहीही ‘पोस्ट’ केलेलं नाही.

काकूंना द्यायचं उत्तर मला इथे सापडलं. छोट्या धंद्याला समाजमाध्यमांचा खरा उपयोग अनोळखी गर्दी जमवायला होत नाही. एकदा ओळख झालेला माणूस टेम्पोबरोबर निसटून जाऊ नये, यासाठी होतो. फोनचा भोंगा करायचा की वही करायची, एवढाच प्रश्न आहे. आणि मला दिसतं ते असं की सल्ला देणारे जवळजवळ सगळे भोंग्याचा सल्ला देतात, कारण वही चालवण्याचे पैसे दुसऱ्या कुणाला घेता येत नाहीत.

गंमत अशी की ही गोष्ट व्हॉट्सॲपच्या रचनेतच बसवलेली आहे, फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ब्रॉडकास्ट यादी केली आणि एकाच वेळी अनेकांना निरोप धाडला, तर तो पोचतो फक्त त्यांना, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. काकूंनी उद्या ‘आज पुरणपोळी’ असं दोनशे जणांना कळवलं आणि त्यातल्या दीडशे जणांनी काकूंना आपल्या फोनमध्ये जागाच दिलेली नसेल, तर पुरणपोळीची बातमी पन्नास घरांत जाईल. दुकानदाराकडे गिऱ्हाईकाचा नंबर असून भागत नाही, गिऱ्हाईकाकडे दुकानदाराचा हवा. स्टेटसचं तर आणखी पुढचं. २०१७ पासून आजच्या रूपात आलेलं हे चोवीस तासांचं स्टेटस साधारणपणे दिसतं ते दोघांनीही एकमेकांचे नंबर सेव्ह केले असतील तरच. व्यवहारी ओळखीचा नियम कुण्या अभियंत्यानं यंत्रात जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे: दोन्ही बाजूंनी मान्य असेल तर ओळख.

आणि सेव्ह करताना माणसाला एक गोष्ट करावी लागते, जी फॉलो करताना करावी लागत नाही. नाव लिहावं लागतं. हा माणूस माझा कोण, हे क्षणभर थांबून ठरवावं लागतं. ‘केकवाली’ असं लिहिणं वेगळं आणि ‘केकवाली तिसरा मजला’ असं लिहिणं वेगळं. दुसऱ्यात पत्ता आहे, जिना आहे, वासही आहे.

दहा हजारांच्या आकड्याचा आणखी एक हिशेब त्या तरुणानं काकूंना सांगितला नाही. काकूंकडे पोळ्या लाटणारे हात चार. दहा हजारांतले शंभरच जण एका संध्याकाळी जादा आले, तर त्या दिवशी रोजच्या माणसाला ‘संपलं’ ऐकून परत जावं लागेल. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात असं मांडलं की माणसाला साधारण दीडशेच नाती खरीखुरी सांभाळता येतात. त्या आकड्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. पण काकूंच्या रोजच्या डब्याची घरं मोजली तर ती त्या आकड्याच्या अलीकडेच भरतील. छोटा धंदा हा मोठा व्हायचा राहून गेलेला धंदा आहे, असं धरून चाललं की सगळं चुकत जातं. कित्येक धंदे छोटे आहेत तेच त्यांचं भांडवल असतं.

मराठीत याला नेमका शब्द आहे: रतीब. दूधवाल्याचा रतीब, फुलपुडीचा रतीब. विक्री रोज नव्यानं होत नाही, ती एकदाच ठरते आणि मग चालू राहते. रतिबाच्या दूधवाल्याला आपल्या घरी पाहुणे आलेले कळतात, आपण गावाला चाललोय हे कळतं, घरात तान्हं मूल आलंय हे तर सगळ्यात आधी कळतं. तो जाहिरात करत नाही. तो लक्षात ठेवतो. वाण्याची लाल कापडी बांधणीची वही म्हणजे उधारीची नोंद असं आपण समजतो, पण ती त्याची आठवणही होती. कुणाकडे सणाला किती डाळ लागते, कुणाचा पगार सात तारखेला होतो, कुणाला आठवण करायची आणि कुणाला करायची नाही.

दुकानदार गिऱ्हाईकाच्या घरात शिरण्याचा प्रयत्न फोन येण्यापूर्वीही करतच होते. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघालं आणि दिनदर्शिका ही स्वयंपाकघराच्या भिंतीवरची वस्तू झाली. मग सराफ, वाणी, औषधवाले, पतपेढ्या आपापल्या नावाच्या दिनदर्शिका दिवाळीनंतर वाटू लागल्या. नीट पाहिलं तर ते फार हुशारीचं माध्यम होतं. दुकानाचं नाव वर्षभर डोळ्यांसमोर, पण बोलत काहीच नाही. उलट गिऱ्हाईकच त्यावर लिहायचं: दूध बंद, गॅस लावला, मुलाची परीक्षा. दुकानदारानं भिंतीवर कोरी जागा दिली आणि ती घरानं भरली. आजच्या ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांशी याची तुलना करून बघा. त्यात गिऱ्हाईकाला लिहायला जागाच नाही. फार तर हात जोडायचे.

काकूंना मी ‘नाही’ म्हटलं त्यामागचं दुसरं कारण जमिनीचं आहे. मीरा रोडकरांना जमिनीच्या कागदपत्रांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इन्स्टाग्रामवरचं पान हा भाड्याचा गाळा आहे, आणि त्याला अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. भारतात तेव्हा त्याचे सुमारे वीस कोटी वापरकर्ते होते. त्यावर ज्यांनी आपली दुकानं, मेंदीची कामं, नाचाचे वर्ग उभे केले होते, त्यांचा सारा गोतावळा एका रात्रीत गेला. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. मुद्दा असा की त्या गोतावळ्याचे नंबर त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे होते. त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाग्रामनं भारतात रील आणलं आणि सगळी वरात तिकडे वळली. पुढच्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास बंद पडली. या तिघांचा मालक एकच आहे, हे पुष्कळांना त्या रात्री कळलं.

बंदी आणि बिघाड हे तरी दिसतात. न दिसणारी गोष्ट जास्त बोचरी आहे. फेसबुकवर धंद्यांसाठी पानं आली २००७ मध्ये. ज्यांनी पान ‘लाइक’ केलं त्यांना आपलं म्हणणं दिसणार, असा समज होता. २०१२ मध्ये फेसबुकच सांगत होतं की एखाद्या पानावरचा मजकूर त्याच्या चाहत्यांपैकी सरासरी सोळा टक्क्यांपर्यंत पोचतो. पुढे तो आकडा घसरतच गेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये झकरबर्गनं जाहीर केलं की यापुढे मित्र-कुटुंबीयांचं आधी दिसेल, धंद्यांचं कमी. आधी फुकट बोलावून माणसं जमवू द्यायची, मग त्याच माणसांशी बोलायचे पैसे घ्यायचे. सुरुवातीला भाडं न घेणाऱ्या घरमालकाकडे आपण संशयानं पाहतो. इथे पाहिलं नाही.

यावर कुणीही सुमनताई धामणेंचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या या आजींचा ‘आपली आजी’ हा यूट्यूब चॅनल नातवानं २०२० साली चालू केला, आणि गावरान पद्धतीच्या पाककृतींनी तो लाखो लोकांपर्यंत गेला. घरच्या मसाल्यांना मागणी आली. हे खरंच घडलं, आणि पडद्याशिवाय घडलं नसतं. पण दोन गोष्टी त्यात पाहण्यासारख्या आहेत. एक, त्याच वर्षी ऑक्टोबरात तो चॅनल हॅक झाला आणि परत मिळेपर्यंतचे दिवस त्या घराला जड गेले. जमीन दुसऱ्याची असली की आजीचीही गय होत नाही. आणि दुसरी, आजींचं दुकान म्हणजेच त्यांचा पडदा आहे. लोक आधी आजीला पाहायला येतात आणि मग मसाला घेतात. बेव्हर्ली पार्कातल्या टेलरचं तसं नाही. त्याला कुणी पाहायला येत नाही. ब्लाउज नीट बसला तर लोक येतात.

मग रील कुचकामी आहे का? तसंही नाही. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला आपण आहोत हे कळायला काही तरी लागतंच. पूर्वी त्यासाठी पाटी होती, कढईतल्या तेलाचा वास होता. शहरात रोज नवी माणसं येत असताना पाटी न लावणं हा शहाणपणा नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या केकवालीनं क्रीम लावतानाची चित्रफीत टाकली, कुणी तरी पाहिली, विचारलं, केक नेला, हे छानच. पण पाटीचं काम तिथे संपलं. यानंतर त्या माणसाच्या मुलाचा वाढदिवस कधी असतो, मुलाला चॉकलेट चालतं की नाही, घरात अंडं चालतं की नाही (मीरा रोडला हा प्रश्न पहिला) हे कुठे तरी लिहून ठेवलेलं असेल, तर पुढच्या वर्षीचा केक तिचा. नाही तर पुढच्या वर्षी तो माणूस दुसऱ्या कुणाची तरी चित्रफीत पाहील. व्हॉट्सॲपनं जानेवारी २०१८ मध्ये छोट्या धंद्यांसाठी वेगळं ॲप काढलं. त्यात गिऱ्हाईकांना रंगीत खुणा लावायची सोय आहे: नवं, पैसे बाकी, ऑर्डर पूर्ण. माझ्या मते त्या सबंध ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट ती, कारण तेवढीच वाण्याच्या वहीची पणती आहे. बाकी सगळा भोंगा.

जेवण घरपोच देणाऱ्या ॲपनी या बाबतीत छोट्या खानावळींचं जे केलं ते मला सगळ्यात वाईट वाटतं. एकच माणूस त्याच खानावळीतून पन्नास वेळा जेवण मागवतो आणि खानावळवाल्याला तो कोण हे कळत नाही, कारण नंबर झाकलेला असतो. त्याच्या हातची चव ज्याच्या जिभेवर आहे तो माणूस त्याचा नव्हे, ॲपचा. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार नेली, तिच्यात कमिशनबरोबर हाही मुद्दा होता. त्या तक्रारीतल्या काही मुद्द्यांवर आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. कमिशन डोळ्यांना दिसतं म्हणून त्यावर ओरड होते. वही हिरावून घेतल्याची ओरड कमी होते. पिशवीत स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी आणि नंबर टाकणारे खानावळवाले मी पाहिले आहेत, आणि त्यांनी ॲपचा नियम मोडला असेल तर मोडू दे, माझी सहानुभूती चिठ्ठीला आहे.

ओळख दाखवणं आणि ओळख असणं यातला फरक मीरा रोडला शिकवण्याची गरज पडू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. इथे बसून अमेरिकेतल्या माणसांना तिथल्या कर खात्याच्या नावानं फोन जात होते. अमेरिकी नाव, अमेरिकी उच्चार, लिहून दिलेली वाक्यं. फसवणुकीचा धंदा तो, आणि त्याची तुलना साध्या दुकानदाराशी करणं अन्यायाचं होईल. तरी एक धागा मनात राहतो. लिहून दिलेल्या वाक्यांनी जवळीक तयार करता येते, असं मानणारा एक मोठा उद्योग आज वैध मार्गानंही चालतो. ‘प्रिय ग्राहक, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे वाक्य जेव्हा केकवालीकडून येतं, तेव्हा पहिल्यांदा वाटतं की तिचा फोन चोरीला गेला. ती अशी बोलतच नाही. ती म्हणते, “ताई, कसा झाला होता? जास्त गोड नव्हता ना?” आता तर सणाचा संदेश यंत्रच लिहून देतं, आणि दिवाळीत पाच दुकानांचे संदेश एकाच सुरात येतात.

भाषेचंही इथेच बोलून टाकते. जून २०२५च्या अखेरीस याच मीरा रोडला मिठाईच्या एका दुकानात मराठी बोलण्यावरून वाद झाला, दुकानदाराला मारहाण झाली, आणि ती चित्रफीत बघता बघता देशभर फिरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी बंद पाळला, ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. मारहाण गैर होती, आणि महाराष्ट्रात मराठीचा आग्रह गैर नाही, ही दोन वाक्यं एकाच दमात म्हणायला त्या आठवड्यात फोनमध्ये जागा उरली नव्हती. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ज्या लाखो लोकांनी ती चित्रफीत पुढे ढकलली, त्यांच्यातला कुणी त्या गल्ल्यावर पाव किलो फरसाण घ्यायला येणार नव्हता. जे रोज येत होते, त्यांचा आवाज त्या गदारोळात कुठेच नव्हता. दुकान हे दोघांमधलं असतं. त्याचा रंगमंच झाला की मालक आणि गिऱ्हाईक दोघंही पात्रं होतात, आणि संवाद तिसराच लिहितो. मास्टरजी माझ्याशी हिंदीत बोलतात, ‘बाही’ मात्र मराठीत म्हणतात, कारण माप घेताना चूक परवडत नाही. त्यांना मराठी यावी असं मला वाटतं. ती आली तर अशीच येईल, अर्ध्या-अर्ध्या इंचानं.

तक्रारीचा प्रसंग माझ्यावरही आला. दोनेक वर्षांपूर्वी लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउजच्या बाह्या सैल निघाल्या. मी इतकी चिडले होते की गूगलवर एक तारा देऊन चार ओळी लिहायला घेतल्या होत्या. चार ओळी लिहूनही झाल्या. मग त्या न पाठवता मास्टरजींनाच फोटो धाडला आणि खाली एक लांबलचक, न ऐकवण्यासारखा निरोप बोलले. दोन मिनिटांत त्यांचा आवाज आला: “ले आइए मॅडम, अभी बैठा हूँ।” रात्री साडेनऊला बाह्या उसवून परत घातल्या. तो तारा मी दिला असता तर जगाला कळलं असतं, पण बाह्या सैलच राहिल्या असत्या. जाहीर अभिप्रायाला काही किंमत नाही असं मी म्हणत नाही. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला की सरकारला २०२२ साली त्यासाठी भारतीय मानक आणावं लागलं, यावरूनच त्यांची किंमत कळते. पण छोट्या धंद्यात तक्रार आधी दाराशी यायला हवी, आणि ती यावी म्हणून दार उघडं हवं. मास्टरजींचं साडेनऊला उघडं होतं.

अर्थात साडेनऊचं कौतुक करताना मला जरा लाजही वाटते. मोबाइलनं छोट्या धंदेवाल्याचं शटर कायमचं वर करून ठेवलं आहे. रात्री अकराला ‘उद्या दहा पोळ्या जास्त’, सकाळी सहाला ‘काकू मेनू?’. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं तर लोक रुसतात. घरातून धंदा करणाऱ्या बाईला तर दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंतच नाही, आणि हे उत्तरं देण्याचं काम कोणत्याही हिशेबात धरलं जात नाही. पुण्याच्या चितळे बंधूंच्या दुपारी एक ते चार या विश्रांतीवर महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले, आणि २०१७ साली त्यांनी ती विश्रांती बंद केली तेव्हा बातमी झाली. मला त्या विनोदांत नेहमी थोडा मत्सर ऐकू येतो. झोपेची वेळ पाटीवर लिहून ठेवणारा दुकानदार गिऱ्हाईकाचा अपमान करत नाही. मी कधी आहे आणि कधी नाही, हे तो सांगतो, आणि ज्याच्या वेळा ठाऊक आहेत त्याच्यावरच विसंबता येतं. काकूंनी ‘रात्री नऊनंतरचे निरोप सकाळी बघितले जातील’ असं एकदा लिहून टाकावं. दोन जण नाराज होतील. त्यांना होऊ द्यावं.

दोन खोडी मात्र मला अजिबात सहन होत नाहीत. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही पहिली. साडीच्या फोटोखाली पंधरा बायका ‘प्राइस?’ विचारतायत आणि दुकानदार प्रत्येकीला वेगळं गाठून सांगतोय, यात आपुलकी नाही, माणूस बघून भाव सांगण्याची जुनी खोड आहे. फळ्यावर भाव लिहिणाऱ्या भाजीवालीकडे आपण जास्त विश्वासानं जातो. दुसरी खोड न विचारता ग्रुपमध्ये ओढण्याची. एखाद्या पार्लरमध्ये एकदा भुवया करायला गेलं की रात्री दोनशे अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये आपला नंबर उघड्यावर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याच्या गाभ्याशी संमती आहे. पण पार्लरवाल्या ताईंना कायदा सांगायची वेळ यावी का? कुणाच्या घरी जाऊन तिच्या फोटोंचा अल्बम शेजारणींना दाखवू नये हे कळायला कायदा लागत नाही. नंबर विश्वासानं दिलेला असतो. तो दुकानाच्या कामासाठी दिलेला असतो, दुकानाच्या प्रसिद्धीसाठी नव्हे.

काकूंना मी शेवटी काय सांगितलं, तर तो तरुण आला तर पाटी रंगवून घ्या त्याच्याकडून, एकदाच, आणि त्याचे पैसे द्या. दहा हजार आणू नको म्हणावं. बाकी रोज सकाळी स्टेटसवर फळ्यासारखा मेनू लिहा, भावासकट. नवं माणूस डबा न्यायला आलं की त्याला नंबर सेव्ह करायला लावा, तुमच्यासमोर. आणि एक वही घ्या. काकू म्हणाल्या, “वही आहे की.” गल्ल्याखालून काढून दाखवली. ए विंग, लसूण नाही. डी विंग, आजोबांना मऊ पोळी. पुढच्या इमारतीतली पोरगी, गुरुवारी उपास. मी उगीचच एवढं बोलत होते.

परवा मास्टरजींकडे दसऱ्याचे ब्लाउज टाकायला गेले. पावती करताना त्यांनी माझा नंबर फोनमध्ये शोधला. नाव विचारलं नाही, म्हणून सहज वाकून बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना ‘टेलर मास्टर बेव्हर्ली’ म्हणून ठेवलंय, त्यांनी मला कसं ठेवलंय? त्यांच्या मोडक्या काचेच्या पडद्यावर, हिंदीत, माझ्या नंबरापुढे लिहिलं होतं: ‘बी ३०४ ढीली बाजू’. त्यांनी टेप उचलली आणि न विचारता आधी दंडाचं माप घेतलं.